मुलं चाल कशी लावतात? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी सहा ते सोळा वयाची मुलं जमतात आणि चाली लावतात. हा गाणं शिकवायचा क्लास नाही. एक पेटी, एक जुना कीबोर्ड, ढोलक, टाळ आणि मोठ्या मुलांनी स्वतःचे आणलेले लॅपटॉप, एवढंच सामान. काही मुलं मला ताई म्हणतात, काही शाळेच्या सवयीने बेन. त्यांना न्यायला आलेले आईबाबा दारात चपला शोधता शोधता जे विचारतात, ते इथे एकदा नीट लिहून काढलं आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला चाल ‘लावता’ येते का? की ते नुसतं गुणगुणणं असतं?

गुणगुणणं हीच सुरुवात असते. तीन-चार वर्षांचं मूल गाडी फिरवताना जे गात असतं ते कान देऊन ऐका. आरतीची अर्धी ओळ, जाहिरातीतला तुकडा, आजीच्या अंगाईचं शेपूट आणि मध्येच ‘ढुम ढुम गाडी आली’ असं स्वतःचं काहीतरी. गोधडीसारखं. तुकडे उसने असतात, जोडणी मुलाची असते.

आपल्या भोंडल्याच्या गाण्यांची गंमत हीच आहे. दोन-चार सुरांत फिरणारी चाल, आणि कडवं हवं तितकं वाढवायचं. आमच्याकडे सहा वर्षांच्या एका मुलीने भोंडल्याच्या चालीत सोसायटीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं घातली होती. शेवटच्या कुत्र्याचं नाव लांबलचक होतं, ते बसेना. मग तिने चालीलाच एक वळसा जास्त दिला. शब्दासाठी चाल वाकवली. मोठे संगीतकार याहून वेगळं काय करतात?

कोणत्या वयात काय येतं, याचा काही तक्ता आहे का?

तक्ता आहे, पण भिंतीवर लावू नका. इंग्लंडमध्ये कीथ स्वॉनविक आणि जून टिलमन यांनी 48 मुलांच्या 745 रचना गोळा करून अभ्यासल्या आणि 1986 साली निष्कर्ष मांडले. मुलं आधी नुसत्या आवाजात रमतात, मग वाद्य हाताला वळवतात, मग त्यातून मनातलं काही सांगू पाहतात. सात-आठच्या सुमारास चाली इतरांसारख्या, ओळखीच्या साच्यातल्या होऊ लागतात. दहाच्या आसपास त्याच साच्याला धक्का द्यावासा वाटतो. तेरा-चौदाला एखादी शैली पकडून तिच्यात नीट काम करायची ओढ लागते. त्यांनी याची शिडी केली नाही, चक्राकार वर जाणारा जिना काढला, हे मला फार पटतं. कारण चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात नवं वाद्य दिलं की तोही पहिली दहा मिनिटं ‘हे कसं वाजतं’ यातच असतो.

माझा सात वर्षांचा मुलगा नुसत्या पट्ट्या दाबत बसतो. चाल कधी करणार?

तो तेच करतोय.

अमेरिकेत जॉन क्रेटस यांनी सात, नऊ आणि अकरा वर्षांच्या साठ मुलांना एकेक करून कीबोर्डपुढे बसवलं आणि एक गाणं तयार करायला दहा मिनिटं दिली. 1989 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. प्रत्येक मूल त्या वेळात काय करतं, हे त्यांनी मोजलं: नवं शोधतंय, सापडलेल्याला वाढवतंय, जसंच्या तसं घोकतंय, की गप्प बसलंय. सात वर्षांची मुलं बहुतेक वेळ शोधण्यातच घालवत होती. नऊ आणि अकरा वर्षांची मुलं आधी शोधत, मग सापडलेल्याशी खेळत आणि शेवटी तेच घोकून पक्कं करत.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की सात वर्षांच्या मुलाच्या मनात ‘शेवटी एक पक्की वस्तू हातात यायला हवी’ हा विचारच नसतो. त्याच्या दृष्टीने दहा मिनिटं वाजवलं ते सगळं गाणं. आपण विचारतो, ‘झालं का?’ त्याला कळत नाही काय व्हायचं होतं.

एकदा छान वाजवते. ‘पुन्हा वाजव’ म्हटलं की भलतंच. लक्ष नसतं का तिचं?

लक्ष असतं, पण ते आपल्याला वाटतं तिथे नसतं. क्रेटस यांनीही शेवटी प्रत्येक मुलाला आपलं गाणं दोनदा वाजवायला सांगितलं होतं. ज्यांना तेच पुन्हा वाजवता आलं, त्यांनी आधीच्या वेळात वाढवणं आणि घोकणं जास्त केलं होतं. म्हणजे ‘पुन्हा वाजव’ ही परीक्षा नव्हे, ती सवय आहे, आणि ती हळूहळू लागते.

मी घरच्यांना एवढंच सांगते: ‘पुन्हा वाजव’ म्हणण्याआधी ‘त्यातलं तुला कुठलं आवडलं?’ असं विचारा. मूल नेमकी तीन सुरांची एक जागा दाखवतं. ती पुन्हा येते. चालीचं बी तिथे असतं, बाकीचं गेलं तर जाऊ द्या.

मूल सुरांचा विचार करतं की गोष्टीचा?

आठ-नऊ वर्षांपर्यंत बहुतेकदा गोष्टीचा, आणि हाताचा. एक प्रसंग सविस्तर सांगते.

उत्तरायण होऊन चार-पाच दिवस झाले होते, मुलांच्या बोटांना मांज्याचे काप तसेच होते. आठ वर्षांच्या एका मुलीने कीबोर्डवर पतंग वाजवला. मधल्या सा पासून पांढऱ्या पट्ट्यांवरून वर. दोन पट्ट्या वर, एक खाली, दोन वर, एक खाली. ‘ढील देतेय’ असं मध्येच स्वतःशी पुटपुटली. वरच्या सा वर पोचल्यावर एकच बोट तिथे थरथरवत ठेवलं, बराच वेळ. मग बोट उचललं. शांतता. मी मनात मोजत होते: चार, पाच, सहा. विसरली वाटतं, असं म्हणणार इतक्यात तिने तळहाताने सगळ्या पट्ट्या खालपर्यंत सर्रकन ओढल्या आणि ओरडली, ‘काय पो छे!’

मी विचारलं, “मध्ये एवढी का थांबलीस गं?”

“बेन, कापल्यावर पतंगाला लगेच कळत नाही.”

पुढच्या शनिवारी तिने तेच वाजवलं. चढताना पट्ट्या थोड्या वेगळ्या होत्या, शांतता मात्र तेवढीच. तिने मात्रा मोजल्या नव्हत्या, तिच्या डोळ्यांपुढे पतंग होता. तिचे बाबा म्हणाले, “छान आहे, पण याला गाणं नाही म्हणता येणार ना?” मला विचाराल तर त्या दिवशी खोलीत झालेलं सगळ्यात चांगलं संगीत म्हणजे ती शांतता होती.

एकच सूर दोनदा आला तर माझी मुलगी म्हणते, ‘हा वेगळा आहे.’ कान कच्चा आहे का?

नाही. जीन बॅमबर्गर या अमेरिकी संशोधक बाईंनी मुलांना दिसायला सारख्या पण वेगवेगळ्या सुरांच्या घंटा दिल्या आणि ओळखीची चाल मांडायला सांगितलं. लहान मुलं चालीच्या क्रमाने घंटा ओळीत मांडत जातात. तोच सूर पुढे परत आला, की मागच्या घंटेकडे जात नाहीत, त्याच सुराची दुसरी घंटा मागतात. त्यांच्या लेखी सुरुवातीचा सा आणि शेवटचा सा हे वेगळेच. एक घरातून निघतो, दुसरा घरी पोचतो.

आपल्याकडे तरी हे हसण्यावारी नेऊ नये. समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा सा आणि जाता जाता लागलेला सा एकच असं कुठला गवैया म्हणेल? मोठेपणी आपण सुराला नाव देऊन डबीत ठेवायला शिकतो, ते गरजेचं आहेच. पण मूल सुराची जागा ऐकत असतं, नाव नव्हे.

नवरात्रानंतर दोन महिने सगळ्या चाली गरब्यासारख्याच होतात. हे थांबवावं का?

कशाला थांबवायचं? वडोदऱ्याचं मूल नऊ रात्री हींच या गरब्याच्या सहा मात्रांच्या तालावर पायाने नाचलं आहे. मराठीत चाल म्हणजे ट्यूनही आणि चालणंही. मुलांच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत. सात-आठच्या वयात ‘सगळ्यांसारखं’ वाजवता येणं ही मिळकत असते. साचा अंगात मुरला की मगच तो मोडता येतो.

मी फक्त एक खोडी काढते: ‘हीच चाल, पण बाळाला झोपवायची आहे.’ किंवा, ‘हीच चाल, पण नाचणाऱ्यांचे पाय दुखतायत.’ लहान मुलं फक्त हळू वाजवतात. दहा-अकराची मुलं मात्र चकवतात. एका अकरा वर्षांच्या मुलाने तीन टाळीचा गरबा बांधला आणि चौथ्या फेरीला तिसऱ्या टाळीच्या जागी चक्क काहीच ठेवलं नाही. का, तर ‘सगळे हात वर करतील आणि टाळी येणारच नाही.’ ऐकणाऱ्याला काय अपेक्षित आहे हे ओळखून त्याला फसवायचं! आतापर्यंत हा मुलगा स्वतःसाठी वाजवत होता, त्या दिवशी त्याच्या डोक्यात श्रोता शिरला.

आधी राग, अलंकार पक्के नकोत का? पाया नसताना इमारत कशी?

हा प्रश्न आजोबा मंडळी विचारतात आणि त्यांना उलट उत्तर द्यायला मला संकोच होतो. तरी सांगते.

मी नऊ वर्षांची असताना एक चाल केली होती. गाण्याच्या बाईंना मोठ्या उत्साहाने म्हणून दाखवली. त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि विचारलं, “राग कोणता हा?” मला राग माहीत नव्हता. पुढची वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बंदिशी अगदी शुद्ध गायले आणि स्वतःचं काही केलं नाही. बाई वाईट नव्हत्या, प्रश्न चार वर्षं लवकर विचारला त्यांनी.

तालीम हवी, पण चालीच्या आधी नको, तिच्या शेजारी हवी. तेरा-चौदाच्या मुलांना तर रागाची चौकट फार उपयोगी पडते, कारण त्यांना ‘काहीही कर’ म्हटलं की काहीच सुचत नाही. आमचा एक खेळ आहे: फक्त काळ्या पाच पट्ट्या वाजवायच्या. काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, सा धरली की भूप राग होतो. पट्ट्या त्याच, पण सा काळी एकवर नेला की दुर्गा. काळी पाचवर नेला की मालकंस. चौदा वर्षांची एक मुलगी हे करून बघता बघता थबकली आणि म्हणाली, “ताई, माणसं तीच, फक्त घर बदललं.” सूर तेच ठेवून सा हलवायचा, याला शास्त्रात मूर्च्छना म्हणतात. तिच्यावरचं व्याख्यान मी त्या दिवशी गुंडाळून ठेवलं.

लिहून ठेवायला शिकवता का?

वडोदऱ्यात हा प्रश्न यायलाच हवा. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांनी 1886 साली गायनशाळा काढली, आणि सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसवून, स्वतः तयार केलेल्या स्वरलिपीने आणि छापील पुस्तकांनी गाणं शिकवायला घेतलं. गाणं गुरूच्या तोंडून फक्त निवडक शिष्याकडे जायचं, त्या काळात हे केवढं धाडस होतं! आजच्या सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टी त्याच शाळेतून वाढली. 1916 साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही इथेच भरली, संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने. स्वरलेखन एकसारखं असावं ही त्यांची धडपड सगळ्यांना ठाऊक आहे.

तर हो, लिहितो. पण आधी मुलांच्या लिपीत. पतंगवालीने एक चढती नागमोडी रेघ काढली होती, मग कोरा कागद, मग खाली एक फराटा. कोरी जागा तिने पट्टीने मोजून सोडली होती. दहाच्या पुढची मुलं आपण होऊन सा रे ग म कडे येतात, कारण मित्राला आपली चाल वाजवायला द्यायची तर रेघ पुरत नाही. तोपर्यंत मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फाइलला तारीख द्या. ‘नवीन रेकॉर्डिंग 47’ नंतर कुणालाच सापडत नाही.

शब्द आधी की चाल?

मुलं शब्द आधी घेतात, कारण शब्दांत ठेका तयार मिळतो. आठ अक्षरांची ओळ केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, आपोआप बसते. आमच्याकडे घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी अशी मुलं आहेत, आणि तिन्ही भाषांत त्यांच्या चाली वेगळ्या चालतात. गुजरातीत झुलतात, इंग्रजीत तुटक होतात, मराठीत का कोण जाणे, थोड्या आरतीसारख्या होतात.

पंधरा वर्षांचा मुलगा हेडफोन लावून लॅपटॉपवर तेच चार सेकंद दोन-दोन तास ऐकतो. याला रचना म्हणायचं?

म्हणायचं. स्वीडनमध्ये योरान फोल्केस्टाड यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी कॉम्प्युटरवर केलेलं काम बराच काळ पाहिलं आणि त्यांना दोन तऱ्हा दिसल्या. काही जण आधी सगळी चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत आखतात आणि मग तिला वाद्यांचे रंग भरतात. ही आडवी तऱ्हा. काही जण एका लहान तुकड्यात ढोल, बेस, सूर, सगळे थर पूर्ण करतात आणि मगच पुढच्या तुकड्याला हात लावतात. ही उभी तऱ्हा. तुमचा मुलगा उभ्या जातीचा आहे.

आपल्याला तेच-तेच वाटतं, कारण आपला कान चाल शोधत असतो. तो चाल बदलतच नसतो, तो आवाजाचा पोत बदलत असतो. एकदा एका मुलाने मला स्नेअर ड्रमचे दोन आवाज ऐकवले आणि विचारलं कुठला ठेवू. मला रतीभर फरक कळला नाही. त्याने ज्या दयेने माझ्याकडे पाहिलं, ती मी आयुष्यभर विसरणार नाही.

या वयात विचाराची दिशाच उलटते. लहान मूल ‘पतंगाचा आवाज कसा होईल’ असं म्हणतं. टीनएजर आधी ठरवतो की ट्रॅक कुठल्या जातीचा, मूड कोणता, आणि कुणाच्या ट्रॅकसारखा अजिबात वाटता कामा नये. डोक्यात एक परीक्षक कायम बसलेला असतो आणि तो घरच्या कुठल्याही परीक्षकापेक्षा कडक असतो. म्हणून फाइली अर्ध्यावर टाकलेल्या सापडतात. अर्धवट फाइली पुसू नका, पुसायला सांगू नका. तीन अर्धवटांतून एक पूर्ण झालेली मी पाहिली आहे.

तो आम्हाला काहीच ऐकवत नाही.

पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव रे’ असं किती वेळा म्हणाला होता, ते आठवून पाहा.

‘हे तर अमक्या गाण्यावरून उचललंय’ असं मला लगेच कळतं. सांगावं का?

लगेच नको. नक्कल हा विचार करायचा मार्ग आहे. आपल्याकडे तर सगळी तालीमच नकलेवर उभी आहे. ‘कुठून घेतलं?’ याच्याऐवजी ‘काय बदललंस?’ विचारा. बारा वर्षांच्या एकाने एका सिनेमाच्या गाण्याचा मुखडा उलटा वाजवून अंतरा केला होता. उचललेलं होतंच, पण डोकं लावून. हां, ट्रॅक नेटवर टाकायचा असेल तर दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा परवानगीशिवाय चालत नाही, हे मोठ्या मुलांना सरळ सांगावं.

पेटी घ्यावी की कीबोर्ड?

पेटीत डावा हात भात्यात अडकतो आणि लहान मूल दमतं, पण सूर लांब धरता येतो. कीबोर्डवर दोन्ही हात मोकळे, म्हणून मुलं पळतात. फरक नुसत्या सोयीचा नाही. तेच मूल पेटीवर रेंगाळणारी चाल करतं, कीबोर्डवर शेजारच्या पट्ट्यांवरून धावणारी, आणि नुसत्या गळ्याने केली तर तिसरीच. जे घरात आहे ते काढा. वरच्या माळ्यावर आजीची पेटी पडली असेल तर भात्याचं कापड तेवढं तपासून घ्या.

अ‍ॅपला चार शब्द सांगितले की ते आख्खं गाणं करून देतं. मग हा खटाटोप कशाला?

आमच्या मुलांनी तेही करून पाहिलं. पाच मिनिटं हसली, मग एकजण म्हणाला, “हे पुन्हा वेगळं कर म्हटलं तर करतं, पण का केलं विचारलं तर सांगत नाही.” त्यानंतर पुन्हा ढोलकवरून भांडण सुरू झालं.

यातून परीक्षेत मार्क मिळतात का?

नाही.

शनिवारी आम्ही आत बसून ऐकलं तर चालेल का?

आत नको. आईबाबा आत असले की मुलं वाजवण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघतात. बाहेर ओट्यावर बसा. एक आजोबा दर शनिवारी तिथे पेपर घेऊन बसतात, म्हणतात काही ऐकू येत नाही. पेपराचं पान मात्र तासभर उलटत नाही. पाऊस असेल तर जिन्याखाली दोन खुर्च्या ठेवल्या आहेत, छत्र्या बादलीत ठेवा.